मॅनसची जागा

अळशी कुजायला तळ्यात पडली, की आठ-दहा दिवस आमच्या गावात कुणाला नाक नसतं. दुधाला तो वास, पावाला तो वास, रविवारी चर्चमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या शालीलाही तोच. बाहेरचा माणूस तोंडावर रुमाल धरून जातो. आमचे म्हातारे म्हणत, कुजतंय ते कुजू दे, त्यातूनच सोनं निघायचंय. ते सगळे सोनं न बघताच गेले, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी वास जरा जास्तच होता. बाहेर लढाई चालू होती. विमानांना, तंबूंना लिननचं कापड लागतं म्हणे, आणि लिनन विणतात ते अळशीच्या काडीवरच्या वाखाचं, त्यामुळे वाखाला भाव चढला होता. ज्यांनी जन्मात ओट आणि बटाट्यांशिवाय काही लावलं नव्हतं, तेही अळशी पेरून बसले. गॅम्बल मालकानं तर दुप्पट रान घातलं. रान दुप्पट झालं, कुजवायचं तळं मात्र एकच राहिलं, आणि सगळं त्यातून सुरू झालं.

अळशी पाण्यातून कधी काढायची हे सांगणं म्हणजे कसब आहे. लवकर काढली तर आतली काडी वाखाला सोडत नाही, उशीर झाला तर वाखच सडून हातात येतो. हॅना मॅक्गिनलीला हे बोटांनी कळायचं. तिच्या आईलाही कळायचं. बाही खांद्यापर्यंत सारायची, त्या काळ्या पाण्यात हात घालायचा, मधल्या पेंढीतली एक काडी उपसायची. ती दोन ठिकाणी वीतभर अंतरावर मोडायची आणि आतलं लाकूड खालून ओढायचं. ते वाखाला न ओरबाडता सरकन निघालं तर तळं तयार. पाच-पाच मैलांवरून लोक तिला बोलवायचे. पैसे ती घेत नसे. कुणी अंडी द्यायचं, कुणी चहाची पुडी. तिचा नवरा मॅनस स्टॅरेटच्या गिरणीत वाख झोडायला होता, खिडकीजवळच्या पहिल्या जागेवर. उजेडाची ती जागा गिरणीतल्या सगळ्यात कसबी माणसाला मिळते. त्याच गिरणीत दुसऱ्या जागेवर माझा नवरा ह्यूई. आम्ही शेजारी. दोघांचीही घरं गॅम्बलच्या मालकीची, दर नोव्हेंबरला पुढच्या वर्षाचं ठरायचं.

अळशी पाण्यात पडल्याच्या सातव्या दिवशी गॅम्बलनं हॅनाला तळ्यावर बोलावलं. त्या आठवड्यात उत्तरेचं वारं होतं आणि पाणी बर्फासारखं गार. गार पाण्यात अळशी सावकाश कुजते, हे काठावरच्या बेडकालाही ठाऊक असतं. तरी माझ्या ह्यूईसकट माणसं विजारी गुंडाळून पाण्यात तयार उभी होती. व्हिस्कीची बाटली एकदा फिरून झाली होती. आम्ही बायका पेंढ्या गवतावर पसरायला आलो होतो. काठावर दुसऱ्या शेतातली उपटलेली अळशी रचून ठेवली होती, आणि गॅम्बल दर पाच मिनिटांनी त्या ढिगात हात घालून ती आतून तापली का ते बघत होता.

हॅनानं काडी काढली, मोडली, ओढली. लाकूड अडलं आणि वाखाचे तंतू घेऊनच बाहेर आलं. मी शेजारीच होते, मी पाहिलं.

"दोन दिवस लागतील अजून," ती म्हणाली. "या गारठ्यात तीनसुद्धा."

"आणि हे काय करू?" गॅम्बलनं ढिगाकडे बोट केलं. "उशाला घेऊन झोपू?"

माणसं हसली. हॅना म्हणाली, की अळशी कच्ची आहे, आणि जे आहे तेच मी सांगते.

गॅम्बल तसा आरडाओरडा करणारा माणूस नाही. तो तिच्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "मॅनस सांगत होता, छप्पर गळतंय म्हणून. बघू. नोव्हेंबरात घर कुणाला द्यायचं ते ठरलं, की छपराचंही बघू."

कुणी हसलं नाही. पाण्यात उभी असलेली माणसं पाण्याकडे बघायला लागली. हॅनाच्या बाहीवरून ते काळं पाणी तिच्या बुटांवर ठिबकत होतं. तिनं पुन्हा हात घातला, दुसरी काडी काढली, मोडली. ओढून बघितलीच नाही.

"निघेल," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं.

दुपारी पेंढ्या पसरताना ती मला म्हणाली, "गवतावर पंधरा दिवस पडली ना मॅज, की पाण्यानं जे केलं नाही ते दव करील." हेही खरंच होतं. दवानं राहिलेली काडी सुटते, फक्त त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणजे बाई काही वेडी नव्हती. तिनं एक खोटा शब्द दिला होता आणि तो खरा करायला पंधरा दिवस मोजून ठेवले होते.

ते मिळाले पाच. हवा कोरडी पडली, दव नावालाही नाही. अळशी वाळून कुरकुरीत झाली, पण आतून होती तशीच राहिली. त्यात गिरणीत ज्याची पहिली पाळी होती त्याचा घोडा लंगडला, आणि स्टॅरेटनं ती पाळी गॅम्बलला देऊ केली. नाही म्हटलं असतं तर नाताळनंतरच नंबर. गॅम्बलनं त्याच दिवशी अळशी उचलायला सुरुवात केली.

आणखी थोडे दिवस मागायला हॅना त्याच्या घरी गेली. मोलकरणीनं सांगितलं, मालक जेवताहेत, थांब. ती अंगणातल्या पंपाजवळ थांबली. मालकांचं जेवण झालं, चहा झाला, पाइप झाला. कुत्रं येऊन तिचे बूट हुंगून गेलं. शेवटी मोलकरीणच परत आली आणि म्हणाली, की अळशी चांगली वाळलीय असं मालक म्हणतात, त्रास घेतल्याबद्दल आभारी आहेत. तिनं आणखी काय करायचं होतं मला माहीत नाही. आपला हात दगडाखाली असला, की दगडाशी भांडता येत नाही.

गिरणी आमच्या घरांच्या खाली, ओढ्यावर. पाणचाक फिरायला लागलं, की त्याची धडधड घरातल्या चुलीलाही लागते. आत झोडणाऱ्या माणसासमोर लाकडी पाती फिरत असतात, इतकी जोरात की ती दिसत नाहीत, नुसता वारा लागतो. माणूस मूठभर अळशी धरतो, फळीच्या खाचेतून ती पात्यांखाली सोडतो, उलटतो, पुन्हा सोडतो. काडीचा भुसा उडून जातो, हातात वाख राहतो. हे काम शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात: अळशी मुठीत धरायची, मनगटाला कधीच गुंडाळायची नाही. मुठीतली अळशी पात्यांनी ओढली तर सुटून जाते. गुंडाळलेली सुटत नाही, ती हात घेऊन जाते. आमच्या गावात असे थोटे तिघे होते, आणि प्रत्येक जण सांगायचा, की मी एकदाच गुंडाळली होती.

पण कच्ची अळशी मुठीत राहत नाही. काडी वाखाला धरून बसते, पात्यांचा मार तिला दुप्पट लागतो आणि ती हातातून निसटते. मन लावून काम करणाऱ्याला ती घट्ट धरावीशी वाटते, आणि घट्ट धरायचा एकच मार्ग असतो.

गॅम्बलची अळशी गिरणीत लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यूई घरी आला. तोंड धुताना पाण्यातच बोलल्यासारखा म्हणाला, "मॅनस गुंडाळतोय."

मी विचारलं, कोण मॅनस? आमच्या गावात एकच मॅनस आहे. पण वीस वर्षं त्या जागेवर उभा असलेला माणूस हे करील यावर माझा विश्वास बसेना. ह्यूई म्हणाला, त्यानं स्वतः पाहिलं, उजव्या मनगटाला एक वेढा. बाकीचे तिघे ती अळशी अर्धीमुर्धी झोडून तशीच सोडून देत होते. मॅनसच तेवढा पूर्ण साफ करून टाकत होता. स्टॅरेटनं सगळ्यांना दाखवलं, बघा, याच्या हातून निघतंय, मग तुमच्या का नाही?

सकाळी विहिरीवर मी हॅनाला सांगितलं. सांगावं की नाही याचा रात्रभर विचार केला होता, पण सांगितलं. तिनं कळशी भरली नाही. रिकामीच उचलली आणि घरी गेली.

पुढचं मला हॅनानंच सांगितलं, पुष्कळ दिवसांनी. त्या संध्याकाळी मॅनस जेवायला बसला तो डाव्या हातानं बटाटे सोलत. उजव्या मनगटावर लाल वळ होते, कढत दोरीनं बांधल्यासारखे. ती समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं: काडी, छप्पर, नोव्हेंबर, पंधरा दिवसांचा हिशोब. मॅनस खात राहिला.

"पहिल्याच मुठीला कळलं मला," तो म्हणाला.

"मग गुंडाळलीस कशाला?"

"स्टॅरेट विचारत होता, अळशी कच्ची आहे काय म्हणून. मी म्हटलं, हॅनानं बघितलीय."

त्यानं ताकाचा पेला संपवला. "तुझ्या शब्दावर पाच गावं तळी उपसतात. माझ्या हातून निघाली तर कुणी काही विचारणार नाही. अजून चार दिवसांची तर अळशी आहे."

हॅना म्हणाली, उद्या मी गिरणीत येते आणि सांगते. तो म्हणाला, येऊ नकोस. ती म्हणाली, येते. त्यांच्या संसारात ती इतक्या हळू आवाजात कधी भांडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला चाक थांबलं आणि माझा जीव उडाला. पण लगेच दिसलं, की स्टॅरेटनं स्वतःच पाणी अडवलंय. हॅना आत गेली होती. भुशाच्या धुरळ्यात उभी राहून तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की अळशी कच्ची आहे, मला माहीत होतं, मी तळ्यावर खोटं बोलले. हिला पुन्हा पंधरा दिवस गवतावर टाका, नाहीतर कुणाचा तरी हात जाईल.

स्टॅरेट वाईट माणूस नाही, पण गिरणी त्याची असली तरी अळशी गॅम्बलची होती. त्यानं गॅम्बलला बोलावणं पाठवलं. गॅम्बल आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी काही बोलत नाही. इथले चौघे तळ्यात उभे होते माझ्याबरोबर. त्यांनाच विचारा, ही काय म्हणाली."

स्टॅरेटनं विचारलं. 'निघेल' म्हणाली, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं मान हलवली. ह्यूईनंही हलवली. ते खरंच होतं ना, ती म्हणालीच होती. घराचं आणि छपराचं मात्र कुणी काढलं नाही. ह्यूईनं हे मला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता. मी त्याला काही म्हटलं नाही, कारण आमचंही छप्पर त्याच मालकाचं.

"कधी तयार म्हणते, कधी कच्ची म्हणते," गॅम्बल म्हणाला. "उद्या म्हणेल ही अळशीच नाही. पाणी सोडा. ज्याला उभं राहायचं नाही त्यानं घरी जावं. घर नोव्हेंबरपर्यंत आहेच."

मॅनसनं खुंटीवरचा कोट घेतला. तो तिथंच उभा राहिला असता तर बायको खोटी ठरली असती, आणि ते त्याला कुठल्याही मालकासाठी जमलं नसतं. पहिली जागा रिकामी झाली.

तेव्हा कॉन्डी रोर्टी पुढं आला. सहा वर्षं तो मागं, फिरत्या लाकडी रुळांखाली अळशी चेचायचं काम करत होता. पगार निम्मा, खोकला दुप्पट. घरी तीन लेकरं आणि चौथं वाटेवर. सहा वर्षं त्याची नजर कुठल्यातरी एका जागेवर होती आणि आज खिडकीजवळची मिळत होती. यात त्याचं काय चुकलं, मला कुणीतरी सांगा. हसतमुख माणूस. नाचात सगळ्या म्हाताऱ्यांना उठवणारा.

हॅना दारापर्यंत गेली होती, ती परत फिरली.

"कॉन्डी, निसटली तर निसटू दे. मनगटाला गुंडाळू नकोस."

"वहिनी," कॉन्डी म्हणाला आणि बाकीच्यांकडे बघून हसला, "हे तळ्यावरचं सांगणं आहे की आजचं?"

सगळे हसले. ह्यूई म्हणतो, तोही हसला. अंगावर आलेलं काहीतरी टळल्यावर माणूस हसतो तसं ते हसू होतं. स्टॅरेटनं पाणी सोडलं.

मॅनस आणि हॅना चढ चढून वर आले ते मी माझ्या दारातून पाहिलं. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. चाकाची धडधड पुन्हा सुरू झाली होती. मी विचारलं, काय झालं? हॅना म्हणाली, काम सोडलं त्यानं. मला वाटलं, बरं झालं, एक संकट गेलं. नोव्हेंबरचं नोव्हेंबरात. मी आत येऊन पीठ मळायला घेतलं.

अकरा वाजले नव्हते. मळता मळता माझे हात थांबले, आणि का थांबले ते मला आधी कळलं नाही. मग कळलं, की जमीन हलायची थांबलीय.

चाक अवेळी थांबलं, की आमच्याकडे बायका दारात येतात. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी काही विचारत नाही. ज्यांची माणसं खाली आहेत त्या सगळ्या बाहेर येतात आणि वाटेकडे बघत उभ्या राहतात. मी आले, हातांना पीठ तसंच. खालच्या घरातून कॉन्डीची रोझ आली, पोट पुढं आलेलं, हातात दुधाची बादली. हॅनाही आली. वीस वर्षांची सवय, आली. आणि तिच्या मागं दारात मॅनस येऊन उभा राहिला, सदऱ्याच्या बाह्या गुंडाळलेला.

रोझनं त्याच्याकडे पाहिलं. आधी तिला काही उमगलं नाही.

"मॅनस," ती म्हणाली, "तू घरी कसा?"

मॅनसनं मान खाली घातली.

"मग तुझ्या जागेवर कोण आहे?"

रोझनं बादली खाली ठेवली, दूध डचमळू नये इतक्या जपून ठेवली, आणि मग उतारावरून पळत सुटली. मॅनस तिच्या मागं धावला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझा ह्यूई नसणार, एवढंच त्या घटकेला माझ्या डोक्यात होतं. मग मीही धावले.

कॉन्डीचा उजवा हात कोपरापासून गेला. जीव वाचला तो मॅनसनं आपला कमरेचा पट्टा दंडाला आवळला म्हणून. डॉक्टर दोन तासांनी आला आणि गाडीतून त्याला शहरात घेऊन गेला. संध्याकाळी मी रोझला धरून वर आणलं. ह्यूई आमच्या मागून येत होता. वाटेत रोझ पुढं झाली तेव्हा त्यानं मला हळूच सांगितलं, की हॅनानं कॉन्डीला बजावलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

रोझच्या घरात दिवा लागला होता. हॅना आत होती. दिवसभर तिथंच असावी, कारण लेकरं जेवलेली होती, चूल पेटलेली होती आणि दूध गाळून ठेवलेलं होतं. धाकटं तिच्या मांडीवर झोपलं होतं.

रोझ उंबऱ्यात उभी राहिली. "तुला ठाऊक होतं ती कच्ची आहे," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला घरी घेऊन गेलीस. माझ्या नवऱ्याला एक शब्द सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं होतं गं," हॅना म्हणाली. "दारातून परत फिरून सांगितलं होतं."

रोझनं तिच्या मांडीवरचं मूल उचलून घेतलं. "तू सांगशीलच आता," ती म्हणाली. "नीघ माझ्या घरातून."

हॅनानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या ह्यूईकडे पाहिलं. ह्यूईनं टोपी काढून हातात धरली होती आणि ती तो नुसती फिरवत होता. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य उद्या गिरणीत जाणार, गिरणीतून गॅम्बलकडे जाणार, आणि नोव्हेंबरला सहा आठवडे उरले होते.

हॅना आमच्या दोघांच्या मधून बाहेर गेली. जाताना तिची शाल माझ्या हाताला घासली. मी बाजूला सरकून तिला वाट दिली आणि रोझला म्हटलं, बैस, मी चहा टाकते.